धरणीकंप, भूकंप, आंचको : ‘झाला’ की ‘आला’?

सुरसागरकाठी (शुक्रवार, रात्री ९:४०)

मंडळी, गेल्या आठवड्यात आईला घेऊन भुजला स्मृतिवन बघायला गेलो होतो. बरोबर पुण्याचा भाचाही होता. भुजियो डुंगरावर पाण्याच्या साठ्यांभोवती २००१च्या भूकंपात गेलेल्यांच्या नावांच्या पाट्या लावल्या आहेत. आई एकेक नाव वाचत चालली होती. मधेच थांबली आणि म्हणाली, "धरणीकंप आला तेव्हा मी कणिक मळत होते."

भाच्याने तिथल्या तिथे दुरुस्ती केली. "आजी, धरणीकंप आता कुणी म्हणत नाही. आणि भूकंप येत नसतो, होतो. मराठीत भूकंप झाला असंच म्हणतात."

मुलगा वाईट नाही, भाषेवर प्रेम आहे त्याचं. पण आई गप्प झाली ती बडोद्याला परत येईपर्यंत त्या विषयावर बोललीच नाही. मला ते फार लागलं. तिच्या तोंडचा शब्द पुस्तकातला नाही, त्या सकाळचा आहे. ती सकाळ जिने काढली तिला शब्द शिकवायचा का?

२६ जानेवारी २००१, शुक्रवार. मी दहा वर्षांचा होतो, झेंडावंदनासाठी शाळेत गेलो होतो. उत्तरायण होऊन बारा दिवस झाले होते, झाडांवर अजून फाटके पतंग लटकत होते. आमच्या घरात पितळी कड्यांचा झोपाळा आहे. आई सांगते, आधी मांडणीवरची भांडी खडखडली, आणि मग झोपाळा आपोआप हलायला लागला. तिला वाटलं मीच परत आलो आणि झोका घेऊन पळालो. ती "अरे, झेंडावंदन झालं का?" असं ओरडली. तेवढ्यात शेजारच्या बेन दारातून किंचाळल्या, "धरतीकंप! बहार आवो!"

तर प्रश्न असा: तुमच्या घरी कोणता शब्द आहे? धरणीकंप, भूकंप, हादरा, धक्का, की गुजरातीतला आंचको? आणि तो ‘होतो’ की ‘येतो’?

दुसरं म्हणजे एखादा नेता पक्ष सोडून गेला की वर्तमानपत्रं ‘राजकीय भूकंप’ छापतात. त्या पाट्या बघून आल्यापासून मला ते वाचवत नाही. तो शब्द तिथे वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

---

मांडवीची_माणिक

एकदम सरस धागा. मी तर बडोद्यातच जन्मली, बडोद्यातच वाढली. आमच्याकडे ‘धरतीकंप आला’, फुलस्टॉप. आई धरणीकंप म्हणायची, आम्ही भावंडं पोळातल्या (गल्लीतल्या) गुजराती मुलांबरोबर खेळून धरतीकंप म्हणायला शिकलो. एका अक्षराचा तर फरक. तुमच्या आईंना सांगा, चुकलं काहीच नाही.

---

वेताळटेकडी

पुण्याहून लिहितोय, तेव्हा भाच्याची बाजू मलाच घ्यावी लागणार. शब्दाबद्दल तो चुकला. धरणीकंप हा चांगला, जुना, पूर्णपणे मराठी शब्द आहे. धरणी आणि भू दोन्हीचा अर्थ एकच, कंप दोन्हीकडे आहेच. माझे आजोबाही तोच वापरत.

क्रियापदाबद्दल मात्र तो बरोबर आहे. मराठीत भूकंप होतो. अपघात होतो, स्फोट होतो, युद्ध होतं, तसा. ‘भूकंप आला’ हे हिंदीतल्या ‘भूकंप आया’वरून आलंय. दूरचित्रवाणीवरच्या बातम्यांनी ते महाराष्ट्रातही पसरवलंय. बडोद्यात ते गुजरातीतून शिरलं असेल. हे दाखवून देण्यात आजींचा अपमान नाही.

---

मांडवीची_माणिक

@वेताळटेकडी, गुजरातीत दोन्ही चालतं हो. ‘धरतीकंप थयो’ पण म्हणतात, ‘आव्यो’ पण म्हणतात. मग आम्ही ‘आला’च का उचललं? ‘झाला’ पण उचलता आलं असतं की.

---

लिंबू_सरबत

माझा किस्सा ऐका. लग्न होऊन बडोद्याला आले आणि काही वर्षांतच २००१. पहिल्या दिवसानंतरही जमीन मधूनमधून हलत होती. आजूबाजूला सगळे ‘आंचको’ म्हणत, माझ्याही तोंडात तेच बसलं. चौथ्या दिवशी साताऱ्याला सासूबाईंना फोन लागला. मी म्हटलं, "आई, आम्ही ठीक आहोत, पण अजून आचके येताहेत."

पलीकडे एकदम शांतता. मग रडवेला आवाज, "कुणाला गं? कुणाला आचके येताहेत?"

आपल्याकडे आचके माणूस शेवटच्या घटकेला देतो! मामंजींनी फोन घेतला तेव्हा कुठे उलगडा झाला. नंतर कित्येक वर्षं सासूबाईंचा फोन आला की पहिला प्रश्न हाच, "काय, आचके थांबले का तुमच्या गावाचे?" आणि मग आम्ही दोघी हसायचो.

---

दांडियाबाजार_जुना

लिंबू_सरबतताई, खूप हसलो. पण शब्द मुळात एकच असावा. आपला आचका म्हणजे अचानक बसलेला हिसका. गाडीही आचका देते. गुजरातीने तो जमिनीला दिला, आपण तो मरणाला जोडला.

माझं वय आता ७४. बडोद्याने २००१च्या आधीही जमीन हलताना अनुभवली आहे. २३ मार्च १९७०ला भरुचचा भूकंप झाला. भरुच आपल्यापासून किती लांब? सत्तर किलोमीटर. तिथे माणसं गेली. आमच्या वाड्यात तेव्हा तीन पिढ्या होत्या आणि त्यांचे तीन शब्द होते. आजी म्हणाली, "शेषाने मान हलवली." वडील संस्थानच्या काळात शिकलेले, ते म्हणाले, "धरणीकंप." मी कॉलेजात जाणारा, मी म्हटलं, "भूकंप." तिघांनी एकच गोष्ट पाहिली होती आणि कुणी कुणाला दुरुस्त केलं नाही.

अवांतर: सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९३१ साली कारभाराच्या शब्दांचा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा कोश निघाला. त्यात गुजराती, मराठी आणि इतर भाषांमधले शब्द शेजारी शेजारी दिले आहेत. या गावाला दोन शब्द शेजारी नांदवायची सवय जुनी आहे, एवढंच म्हणायचंय.

---

शेवटची_ओळ

मी वर्तमानपत्राच्या बातमी विभागात पंधरा वर्षं काढली. ‘राजकीय भूकंप’ या मथळ्यांमध्ये माझेही असतील. कारण सांगतो. मथळ्याची जागा अंगठ्याएवढी असते आणि त्यात सत्ता, खळबळ आणि पडझड हे सगळं तीन अक्षरांत बसवायचं असतं. ‘हादरा’ आणि ‘धक्का’ रोज वापरून गुळगुळीत झाले, म्हणून माणसं भूकंपाकडे गेली. वापरू नये हे मला मान्य नाही. आग, पूर, वादळ, वणवा हे सगळे शब्द आपण माणसांच्या भांडणांना लावतोच.

पण एका चुकीची कबुली देतो, कारण ती माझ्या हातून अनेकदा झाली: ‘६.२ रिश्टर स्केल तीव्रतेचा भूकंप’. नंतर एका प्राध्यापकांनी फोन करून समजावलं की रिश्टर हे किलो-मीटरसारखं एकक नाही.

---

भूगोलवाली_बाई

अगदी याच वाक्यावर मी दरवर्षी वर्गात थांबते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या भूकंपांसाठी एक मापनश्रेणी तयार केली. ते यंत्र नाही. यंत्र म्हणजे भूकंपमापक. मुलांच्या डोळ्यांसमोर ‘रिश्टर स्केल’ म्हटलं की लाकडी पट्टी येते, आणि त्यात त्यांचा दोष नाही. आता शास्त्रज्ञ मोठ्या भूकंपांना वेगळी श्रेणी वापरतात, पण बातम्यांत रिश्टर यांचं नाव राहून गेलंय.

त्याहून मोठा गोंधळ ‘तीव्रता’ या शब्दाचा आहे. भूकंपाने खडकात किती ऊर्जा मोकळी केली ते एक माप. मी वर्गात त्याला परिमाण म्हणते. एका भूकंपाचं ते एकच असतं. तीव्रता म्हणजे एखाद्या ठिकाणी तो किती जाणवला, घरांचं काय झालं. ती गावागावाला बदलते आणि मर्काली यांच्या बारा पायऱ्यांच्या श्रेणीने सांगतात. २००१ला भचाऊची तीव्रता वेगळी, अहमदाबादची वेगळी, बडोद्याची आणखी वेगळी. परिमाण सगळ्यांना एकच.

त्यातही २००१ला आपल्या हवामान खात्याने ६.९ सांगितलं आणि अमेरिकी भूसर्वेक्षण संस्थेने ७.७. लोकांना वाटलं सरकार लपवतंय. प्रत्यक्षात दोघांच्या मोजायच्या पद्धती वेगळ्या होत्या. परिमाणाची एक पायरी चढली की ऊर्जा सुमारे ३२ पट होते, त्यामुळे हा फरक छोटा दिसतो पण छोटा नाही.

आणि हे शब्द का जपायचे ते सांगते. किल्लारीचं परिमाण ६.२. भुजचं ७.७. ऊर्जेत पावणेदोनशे पटीच्या आसपास फरक. तरी किल्लारीत सुमारे दहा हजार माणसं गेली. परिमाणाला ‘तीव्रता’ म्हटलं की वाटतं, आकडा लहान म्हणजे संकट लहान. तिथे पहाटे चारच्या सुमारास, माणसं झोपेत असताना, जड घरं अंगावर आली. आकड्यात ते दिसत नाही.

---

तेरणाकाठ

बाई, तुम्ही किल्लारीचं नाव घेतलंत म्हणून लिहिते. नाहीतर नुसती वाचत होते.

मी त्या पट्ट्यातलीच. आता नोकरीमुळे बडोद्यात, कारेलीबागेत राहते. ३० सप्टेंबर १९९३ला मी सात वर्षांची होते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. पहाटे ३:५६. आमची घरं माळवदाची. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर लाकडावर मातीचा थर. दर पावसाळ्याआधी वर आणखी माती चढवायची, म्हणजे घर गळू नये. त्याच मातीखाली माणसं गेली.

आमच्याकडे कुणी ‘मृत्यू झाला’ म्हणत नाही. ‘भूकंपात गेले’ म्हणतात. काळही तसाच मोजतात: भूकंपाआधी, भूकंपानंतर. "तुझा मामा भूकंपाच्या आधी दोन महिने आला होता." गावाला ‘जुनं गाव’ आणि ‘नवं गाव’.

सुरसागरकाठी, तुमचा हेतू मला कळतो, त्याबद्दल मनापासून आभार. पण ‘राजकीय भूकंप’ वाचून मला काही होत नाही. आमच्या गावातही चावडीवर लोक ते मोठ्याने वाचतात. लागतो तो दुसरा शब्द. भूकंपग्रस्त. त्याचा दाखला निघतो, नोकरीच्या अर्जात त्याचा रकाना असतो. माझ्या भावाला त्या दाखल्यावर नोकरी लागली आणि घर सावरलं, त्यामुळे त्या शब्दाचे उपकारही आहेत. पण कार्यालयात त्याचं नाव ‘भूकंपवाला’ पडलं. वीस वर्षं झाली. तो चांगलं काम करतो, त्याला लोक त्याच्या नावाने हाक मारत नाहीत. पेपरातल्या मथळ्यापेक्षा याचं काहीतरी करा.

---

सुरसागरकाठी

तेरणाकाठ ताई, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. मी माझं मत तुमच्या वतीने मांडत होतो, तुम्हाला न विचारता. मथळ्यांबद्दलचं मत मागे घेतो. ‘ग्रस्त’ लावून माणसाला कायमचं एका पहाटेला बांधून टाकतो आपण, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

---

शेवटची_ओळ

तेरणाकाठ, ‘भूकंपग्रस्त’ मी शेकडो वेळा लिहिला असेन. पहिल्या महिन्यात तो बरोबर असतो, मदत कुणाला पोचवायची ते कळतं. तीस वर्षांनी नाही. एवढं कुणी तेव्हा सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

---

कोयनाकाठचा

मी सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातला, गेली बावीस वर्षं बडोद्यात, मकरपुऱ्यात. आमच्याकडचा शब्द अजून कुणी लिहिला नाही. हादरा. तो ‘होत’ही नाही आणि ‘येत’ही नाही. हादरा बसतो! "रात्री हादरा बसला, जाग आली का?" "नाही बुवा, लहान असणार." पावसाची चौकशी करावी तशी आमच्याकडे हादऱ्याची चौकशी करतात. ‘भूकंप’ मात्र एकच, ११ डिसेंबर १९६७चा, पहाटे ४:२१चा. कोयनानगर जमीनदोस्त झालं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. नंतर हजारो वेळा जमीन हलली, पण ते सगळे हादरे. वडील म्हणायचे, भूकंप एक, हादरे अनंत.

लहानपणीची गंमत सांगतो. आजी ‘धरणीकंप’ म्हणायची आणि मला वाटायचं धरणाचा कंप तो धरणीकंप! शिवाजीसागराचं धरण डोळ्यांसमोर, १०३ मीटर उंच. तेच थरथरतं आणि आपलं घर हलतं अशी माझी पक्की समजूत होती. शाळेत गुरुजींना तसं सांगितलं तर सगळा वर्ग हसला.

---

भूगोलवाली_बाई

@कोयनाकाठचा, त्या वर्गाला उगीच हसू आलं. कोयनेच्या जलाशयात पाणी साठायला लागल्यावर त्या भागात हादरे वाढले आणि जगभरचे शास्त्रज्ञ आजही जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपांचं उदाहरण म्हणून कोयनेचा अभ्यास करतात. धरण थरथरत नव्हतं, पण धरणामागच्या पाण्याचा संबंध होता. मी तुमची शिक्षिका असते तर तुम्हाला फळ्याजवळ बोलावलं असतं.

---

लिंबू_सरबत

धरणाचा कंप! आमच्याकडे मुलीने तेव्हा एक ओळ केली होती: ‘आंचको आला, हिंचको हलला.’ तीन वर्षांची होती. झोपाळ्याला इथे सगळे हिंचको म्हणतात ना. तिच्या दृष्टीने भूकंप म्हणजे झोपाळा फुकट हलवून देणारा कुणीतरी. ती अजिबात घाबरली नव्हती. आम्ही दोघं मात्र अकरा रात्री बाहेर अंगणात झोपलो.

---

ग्वाल्हेरी_गोधडी

आमच्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांत ‘भूचाल’ ऐकलंय. आत्या म्हणायची, "भूचाल आला वाटतं." इथेही आलाच, बघा.

---

वेताळटेकडी

ग्वाल्हेर, बडोदा, दोन्हीकडे ‘आला’. माझाच मुद्दा सिद्ध होतोय, आजूबाजूच्या भाषेचा परिणाम.

---

दांडियाबाजार_जुना

वेताळटेकडी, थोडं थांबा. पूर काय होतो का? विश्वामित्रीला पूर येतो. २०२४च्या ऑगस्टमध्ये आला तेव्हा सगळ्या देशाने पाहिलं. वादळ येतं. ताप येतो. साथ येते. पुण्यातही हे सगळं येतंच ना? जे दुसरीकडून निघून आपल्यापर्यंत पोचतं ते मराठीत ‘येतं’. जे जागच्या जागी घडतं ते ‘होतं’. मग भूकंप कशात बसवायचा, याचं उत्तर शेजारची भाषा देणार की आपलीच देणार?

---

भूगोलवाली_बाई

काका, तुमच्या प्रतिसादाने मला कागद-पेन्सिल घ्यायला लावलं.

२००१चं केंद्र भचाऊ तालुक्यात, चोबारी गावाच्या बाजूला. तिथून बडोदा सरळ रेषेत साधारण सव्वातीनशे किलोमीटर. भूकंपाच्या प्राथमिक लहरी भूकवचातून सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर धावतात, दुय्यम लहरी सुमारे साडेतीन. म्हणजे ८:४६ला तिकडे खडक सरकल्यावर पहिली बारीक थरथर बडोद्यात यायला जवळजवळ मिनिट लागलं. आणि जोराचे हेलकावे त्यानंतर अर्ध्या-पाऊण मिनिटाने पोचले.

आता सुरसागरकाठींच्या आईंचं वर्णन परत वाचा. आधी मांडणीवरची भांडी खडखडली, मग झोपाळा हलायला लागला. अगदी त्याच क्रमाने! खडखड म्हणजे प्राथमिक लहरी. आणि लांबच्या मोठ्या भूकंपाच्या संथ लहरींनी झोपाळे, टांगलेले दिवे, टाक्यांमधलं पाणी हलतं. त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं, त्यांनी नुसतं नीट पाहिलं होतं.

तेव्हा माझं मत असं: तो भूकंप कच्छमध्ये झाला आणि बडोद्यात आला. सव्वातीनशे किलोमीटर चालून आला. दोन्ही क्रियापदं बरोबर आहेत, बोलणारा कुठे उभा होता त्यावर ठरतं.

---

मांडवीची_माणिक

बाई!! जबरदस्त. माझ्या ‘का’चं उत्तर मिळालं.

---

वेताळटेकडी

हे मला खरोखर सुचलं नव्हतं. बडोद्यापुरतं ‘आला’ मान्य. पण भाच्याच्या बाजूने एवढं नक्की सांगतो की किल्लारीला, कोयनेला ‘झाला’च म्हणायला हवं.

---

तेरणाकाठ

हो, आमच्याकडे ‘भूकंप झाला’च म्हणतात. यायचा कुठून? तो आमच्या पायाखालीच होता. १९९२ मध्येच जमीन हलायला लागली होती, भुईतून आवाज यायचे. पेपरात आजही त्याला ‘गूढ आवाज’ म्हणतात. आम्हाला त्यात गूढ काही वाटत नाही. आम्ही नुसतं ‘आवाज आला’ म्हणतो आणि सगळ्यांना कळतं कसला ते.

पण वेताळटेकडी, एक गोष्ट तुम्हाला सांगते. झाला हे आम्ही नंतर म्हणतो. दुसऱ्या दिवशी, सरकारी माणसाला, पाहुण्यांना. प्रत्यक्ष जमीन हलते तेव्हा कुणीही ‘होतोय’ म्हणत नाही. माझी मावशी ढिगाऱ्यातून सहा तासांनी निघाली. त्यानंतर महिनोन्महिने लहान धक्के बसायचे. पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही सगळे झोपलेलो असायचो आणि ती सगळ्यांच्या आधी उठून ओरडायची, "आला! आला!" एकच शब्द. तेवढ्यात आम्ही पोरं दाराबाहेर असायचो.

---

कोयनाकाठचा

अंगावर काटा आला. आमच्याकडेही अगदी हेच. एरवी ‘हादरा बसला’, पण त्या क्षणी ‘आला रे!’

---

लिंबू_सरबत

आणि अफवा आठवा. २००१च्या त्या आठवड्यात रोज कुणीतरी सांगायचं, "आज रात्री मोठा येणार आहे." ‘होणार’ असं कुणाच्याच तोंडून ऐकलं नाही. भीती वाटते ती येणाऱ्याची.

---

सुपारी_फुटली

अवांतर भर: वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकात, भूकंपलक्षण असा अख्खा अध्याय आहे. त्यात त्या काळची वेगवेगळी मतं दिली आहेत. कुणी म्हणे समुद्रातले प्रचंड प्राणी हलतात, कुणी म्हणे पृथ्वी तोलून दमलेले दिग्गज, म्हणजे दिशांचे हत्ती, कुणी म्हणे वाऱ्याला वारा धडकून खाली आपटतो. चौथं मत अदृष्टाचं, म्हणजे माणसांच्या कर्माचं. काकांच्या आजींचा शेष याच घराण्यातला. मला यात आवडतं ते हे की त्याने एकच मत न देता सगळी नोंदवली.

---

दांडियाबाजार_जुना

@सुपारी_फुटली, आमच्या आजीला हे कळलं असतं तर तिने दिग्गजांनाही दिवाळीला फराळ ठेवला असता.

त्या चौथ्या मताबद्दल मात्र मला बोलायचंय. २००१ मध्येही लोक म्हणत होते, पाप वाढलं म्हणून झालं. अंजारमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत चालणारी शाळेची पोरं गेली. त्यांनी कोणतं पाप केलं होतं? असं कुणी बोललं की मी अजूनही उठून जातो.

---

तेरणाकाठ

काका, आमच्याकडेही गणपती नीट बोळवले नाहीत म्हणून झालं असं लोक बोलले. ज्यांची माणसं गेली त्यांच्या तोंडावर.

---

नवा_सभासद_विरार

उशिरा वाचतोय. माझं आजोळ पालघरच्या डहाणू भागातलं. २०१८च्या नोव्हेंबरपासून तिथे लहान लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली. मामाच्या पाड्यावर लोकांनी तेव्हा घराबाहेर ताडपत्र्या लावून थंडी काढली. मामा नुसतं "जमीन हलते" म्हणतो. त्याला भूकंप हा मोठ्या शहरांचा शब्द वाटतो. यादीत तेवढंही लिहून ठेवा.

---

भूगोलवाली_बाई

नक्की लिहिते. ‘जमीन हलते’ यापेक्षा अचूक व्याख्या माझ्या पुस्तकातही नाही.

आणि बडोदेकरांनो, २००२च्या भूकंपक्षेत्रांच्या नकाशात आपण तिसऱ्या विभागात होतो, कच्छ सर्वांत धोक्याच्या पाचव्यात. धोका कच्छइतका नाही, पण शून्यही नाही. झोपाळ्याच्या कड्या, भिंतीवरची जड कपाटं, डोक्याशी टांगलेल्या तसबिरी एकदा तपासून घ्या. मी माझ्याकडचं पुस्तकांचं कपाट मागच्या वर्षी भिंतीला खिळवून घेतलं.

---

सुरसागरकाठी (रविवार, सकाळी ११:१५)

मंडळी, काल रात्री आईला सगळा धागा मोठ्याने वाचून दाखवला. लहरींचा हिशोब ऐकून तिने मला दोनदा वाचायला लावलं. म्हणाली, "म्हणजे मांडणीवरची भांडी खडखडली, तेव्हा तो अजून वाटेतच होता?" मी म्हटलं हो, मोठा हेलकावा अजून वाटेत होता. त्यावर ती बराच वेळ झोपाळ्याकडे बघत बसली.

भाच्याला दुवा पाठवला होता. त्याचा फोन आला तो थेट आजीलाच. काय बोलले माहीत नाही, पण ती त्याला भांडी कशी खडखडली ते पुन्हा पहिल्यापासून सांगत होती आणि ‘धरणीकंप आला’ चांगलं चारदा म्हणाली.

तेरणाकाठ ताई, आईने तुमच्यासाठी एक प्रश्न दिलाय. तुमच्या मावशी आता कशा आहेत? घरात झोपतात का?

---

तेरणाकाठ

मावशी बरी आहे. नव्या गावात पक्कं घर आहे, तरी ती अंगणातच झोपते. पावसाळ्यात ओसरीत येते, पण दाराकडे पाय करून. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. पुढच्या सुट्टीत गावी गेले की त्यांचा झोपाळ्याचा किस्सा मावशीला सांगेन.